हेन्री व्हँडाइक कार्टर : मुंबईतले कागद

‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे नाव ज्याच्या कानांवर पडले नाही असा डॉक्टर विरळा. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रे आहेत, आणि तिचे निम्मे यश त्या चित्रांचे आहे. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर या विशीतल्या डॉक्टरची. प्रेते दोघांनी मिळून फाडली, पण शीर्षकपृष्ठाचे मुद्रित आले तेव्हा ग्रेने कार्टरचे नाव आपल्या नावापेक्षा बारीक टायपात बसवायला सांगितले. पैशांचेही तसेच झाले. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले. कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले, आणि हिशेब मिटला. त्या पैशांतून कार्टरने एक चांगला सूक्ष्मदर्शक घेतला. ग्रंथ बाजारात येण्याआधीच तो मुंबईला पोचला होता.

ग्रे १८६१ साली देवीच्या रोगाने वारला. कार्टर मात्र १८५८ पासून तीस वर्षे मुंबई इलाख्यात नोकरीत होता. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचा प्राध्यापक, मग १८६३ पासून १८७२ पर्यंत साताऱ्याचा सिव्हिल सर्जन, पुढे मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचा प्रमुख, आणि नंतर ग्रँट मेडिकलचा हंगामी प्राचार्य. या तीस वर्षांत त्याने जे छापले त्यात शरीररचनेचा भाग थोडा आहे. पायात घर करणारी बुरशी, महारोग, दुष्काळाबरोबर येणारा आणि उलटून येणारा ताप, उंदराच्या रक्तातले जंतू, हिवताप, अशी त्याच्या विषयांची रांग आहे. जंतूमुळे रोग होतो हे युरोपातल्या बहुतेक डॉक्टरांना अजून पटायचे होते, तेव्हाचे यातले बरेचसे काम आहे.

ग्रेने कार्टरला डावलले ही हकीकत रंगवून सांगायला फार सोयीची आहे, आणि इंग्रजीत ती अलीकडे पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यात कणव आहे, खलनायक आहे, न्यायाची मागणी आहे. पण तिने कार्टरचे दुसऱ्यांदा नुकसान होते. तो पुन्हा ग्रेच्या पुस्तकातलाच एक माणूस ठरतो, आणि जे काम त्याने एकट्याने, स्वतःच्या नावाने, मुंबईत आणि साताऱ्यात केले ते तळटीपेत जाते. या प्रस्तावनेचा विषय ते काम आहे.

कार्टरच्या छापील लेखनाची ही यादी हाताळणाऱ्याने आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळच्या मुंबईत परोपजीवींवर लिहिणारे कार्टर दोन होते. दोघेही डॉक्टर, दोघेही सरकारी नोकरीत, आणि दोघांचेही पहिले नाव हेन्री. थोरला हेन्री जॉन कार्टर. त्याने मुंबई बेटाचा भूगर्भ अभ्यासला, गोड्या पाण्यातले स्पंज वर्णिले, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे काम पाहिले आणि नारूच्या जंतावर लिहिले. मुंबईच्या तलावांत त्याला बारीक बारीक जंत सापडले, आणि नारू तिथूनच, कातडीतून, माणसाच्या अंगात शिरत असावा असा त्याचा तर्क होता. पाण्याकडे बोट दाखवण्यात तो चुकला नव्हता. वाट मात्र कातडीतून नव्हे, पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांतून होती. नारूचे हे लेखन आपल्या कार्टरचे नाही. ‘एच. कार्टर, मुंबई’ एवढेच पाहून जो सूची करील तो दोन माणसांचा एक माणूस करून ठेवील.

आपला कार्टर १८५८ च्या वसंतात मुंबईला उतरला आणि दोन वर्षांत त्याचा पहिला मोठा निबंध मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बेच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये छापून आला. विषय पायाच्या एका विचित्र रोगाचा. दक्षिणेत मदुरा जिल्ह्यातल्या डॉक्टरांना हा रोग ठाऊक होता. तिथल्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरने १८४२ साली त्याची नोंद केली होती, आणि पुढे ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झाले. रोगी बहुतेक शेतकरी, अनवाणी रानात वावरणारे. कधीतरी काटा लागलेला असतो, तो विसरूनही गेलेला असतो. मग पायावर एक गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. महिने जातात, वर्षे जातात, पाऊल सुजून बेढब होते, कातडीला ठिकठिकाणी तोंडे फुटतात आणि त्यांतून पाण्यासारख्या स्रावाबरोबर दाणे बाहेर पडू लागतात. रोगी रुग्णालयात येतो तो पाय कापून घ्यायलाच.

कापलेले असे पाय ग्रँट मेडिकलच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर येत. लंडनमध्ये हजारो तास प्रेते फाडून त्यांची चित्रे काढलेला हात आता या पायांवर चालू लागला. कार्टरने पाय उभा चिरला आणि आत काय आहे ते थरामागून थर पाहिले. हाडे आतून पोखरलेली, मांसात गोल पोकळ्या, पोकळ्यांना जोडणाऱ्या नळ्या, आणि त्या नळ्यांची तोंडे कातडीवर. पोकळ्यांत दाणे ठासून भरलेले. काही पायांत ते काळे आणि टणक, तर काहींत पिवळट, मऊ, माशाच्या गाभोळीसारखे दिसणारे. काळा दाणा चिरडून, पातळ करून भिंगाखाली ठेवला की त्यात एकमेकांत गुंतलेले तंतू दिसत. ही बुरशी आहे, असे कार्टरने लिहिले, आणि रोगाचे मूळ हीच बुरशी आहे असेही लिहिले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यानेच दिले. आजही सगळ्या जगात तेच चालते.

१८६० सालात हे म्हणणे किती धाडसाचे होते, ते आज पटकन ध्यानात येत नाही. कातडीच्या वरच्या थरात बुरशी वाढते हे शोनलाइन या जर्मन डॉक्टरने १८३९ सालीच दाखवले होते. पण बुरशी मांसात खोल शिरून हाडे पोखरते, आणि अख्खा पाय गमवावा लागतो, ही कल्पना अनेकांच्या गळी उतरेना. कलकत्त्याला लुईस आणि कनिंगहॅम या दोन जाणत्या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांनी १८७५ साली त्यावर एक अहवालच लिहिला. कुजलेल्या मांसावर बुरशी नंतर येत असेल, ती रोगाचे कारण कशावरून, असा त्यांचा आक्षेप होता.

या वादात कार्टरच्या बाजूत एक कमकुवत दुवा होता. दाण्यांतली बुरशी बाहेर वाढवून पाहण्याच्या त्याच्या प्रयत्नांत एक गुलाबी-लाल रंगाची बुरशी उगवली होती. बर्कली या इंग्लंडमधल्या मोठ्या कवकतज्ज्ञाने तिला ‘कायोनिफी कार्टराय’ असे नावही दिले. शोधकाच्या नावाची बुरशी, म्हणजे मानाचा तुराच! पण ती हवेतून येऊन पडलेली, रोगाशी संबंध नसलेली बुरशी निघाली. पहिल्या निबंधाच्या वेळी घन माध्यमावर जंतू शुद्ध स्वरूपात वाढवण्याची जर्मन जंतुशास्त्रज्ञ कोकची पद्धत यायला अजून वीस वर्षे होती. तेव्हा कार्टरचा निष्कर्ष बरोबर होता आणि त्याने दिलेला एक पुरावा चुकीचा. विज्ञानाच्या इतिहासात हे नेहमी घडते, पण पाठ्यपुस्तके ते सांगत नाहीत.

१८७४ साली ‘ऑन मायसेटोमा, ऑर द फंगस डिसीज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. त्याची चित्रे खुद्द कार्टरची आहेत, रंगीतसुद्धा. रोगट पायाचे बाहेरचे रूप, उभ्या छेदात दिसणाऱ्या पोकळ्या आणि नळ्या, मोठे करून दाखवलेले दाणे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’तल्या चित्रांत जी शिस्त आहे, रेषेत भावना येऊ न देता प्रत्येक भाग आपल्या जागी दाखवण्याची, तीच इथे आहे. फरक एवढाच की तिथे शरीर आदर्श होते, इथे ते रोगाने मोडलेले आहे.

त्या ग्रंथातली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र चित्रांपेक्षा साधी आहे. कार्टरने काळ्या दाण्यांचा रोग आणि फिकट दाण्यांचा रोग वेगळे मांडले. दोन्ही पाय बाहेरून सारखेच दिसतात, मग दाण्याच्या रंगाला एवढे महत्त्व कशाला, असे कोणीही विचारले असते. त्याने रंग बाजूला टाकला नाही, वेगळी नोंद ठेवली. पुढे युरोपात जनावरांच्या आणि माणसांच्या ‘ॲक्टिनोमायकोसिस’ या रोगाचे वर्णन झाले, तेव्हा १८८६ साली कार्टरने लंडनच्या पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे मायसेटोमाच्या परोपजीवीची त्या रोगाच्या परोपजीवीशी तुलना मांडली. १८९४ साली व्हँसाँ या फ्रेंच डॉक्टरने फिकट दाण्यांतून एक तंतुमय जिवाणू वाढवून दाखवला, आणि पुढच्या वर्षांत काळ्या दाण्यांतली खरी बुरशी वर्णिली गेली. आज डॉक्टर मायसेटोमाचा रोगी तपासतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो : ही बुरशी की जिवाणू? कारण जिवाणूला प्रतिजैविके लागू पडतात, बुरशीला महिनोन्महिने बुरशीनाशके द्यावी लागतात आणि तरी पाय वाचेलच असे नाही. काळा दाणा असेल तर बुरशी. फिकट असेल तर दोन्ही शक्य. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली, म्हणजे कार्टरच्या पहिल्या निबंधानंतर एकशे छप्पन्न वर्षांनी.

महारोगावरचे त्याचे लेखन मायसेटोमाइतके चमकदार नाही, पण पसाऱ्याने मोठे आहे. त्याची सुरुवात महारोगाने मेलेल्यांच्या शवविच्छेदनापासून, विशेषतः मज्जातंतूंपासून होते. रोग्याच्या हातापायांची संवेदना का जाते, याचे उत्तर तो सुजलेल्या मज्जातंतूंत शोधत होता. साताऱ्याला असताना त्याने १८६७ च्या सरकारी गणतीवरून मुंबई इलाख्यातल्या महारोग्यांचा एक अहवाल तयार केला. गावोगावच्या नोंदींतून रोग कुठे दाट आणि कुठे विरळ आहे ते काढण्याचे हे काम नीरस होते. आज त्यालाच साथरोगशास्त्र म्हणतात.

१८७२ साली तो रजेवर गेला आणि रजेतही काम सोडले नाही. नॉर्वेला महारोग्यांची राष्ट्रीय नोंदवही १८५६ पासून ठेवली जात होती, आणि बर्गेनला महारोग्यांची मोठी रुग्णालये होती. १८७३ साली तिथेच हान्सेन या डॉक्टरने रोग्यांच्या गाठींत काठीसारखे जंतू पाहिले. कार्टर त्याच सुमारास तिथे होता. त्याचा नॉर्वेवरचा अहवाल १८७४ साली निघाला. दुसऱ्या अहवालात उत्तर इटली, ग्रीक बेटे, पॅलेस्टाइन आणि मुंबई इलाखा आहे. तिसऱ्यात काठेवाडचा दौरा. नॉर्वेत त्याने जे पाहिले त्यावरून हिंदुस्थानातही महारोग्यांना वेगळे ठेवून आश्रय द्यावा असे त्याचे मत झाले. त्याला आश्रम दिसत होता. पण ‘वेगळे ठेवणे’ सरकारी कायद्यात शिरले की त्याचे काय होते, हे १८९८ च्या महारोग्यांच्या कायद्याने दाखवले. रस्त्यावर भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून कोंडण्याचा अधिकार त्याने दिला. या अहवालांतली कळकळ खरी आहे. तरी आजचा वाचक ते अस्वस्थ होऊन वाचेल, आणि ते योग्यही आहे.

त्याच काळात मुंबईत महारोगावर दुसरा एक माणूस खपत होता. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, डॉ. भाऊ दाजी लाड. जुन्या वैद्यक ग्रंथांत आणि लोकांच्या तोंडी असलेल्या औषधांतून त्यांनी महारोगावर एक तेल निवडले आणि कित्येक रोग्यांना दिले. गुण येतो अशी ख्याती पसरली. पण औषध कोणते ते त्यांनी उघड केले नाही, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी वारले. पुढे अनेक वर्षे जगभर महारोगावर चालमोगरा वर्गातल्या बियांचे तेल वापरले गेले. भाऊ दाजींचे औषधही त्याच जातीचे असावे असे मानले जाते. भाऊ दाजी कार्टरपेक्षा कमी बुद्धीचे नव्हते, आणि रोग्यांच्या कितीतरी जवळचे होते. पण कार्टरचा शब्द न शब्द छापलेला आहे, आणि भाऊ दाजींच्या प्रयोगांची सविस्तर नोंद वाचायला मिळत नाही. यात व्यक्तीचा दोष शोधण्यापेक्षा त्या काळी कोणाला सरकारी छापखाना हाताशी होता आणि कोणाला नव्हता, हे पाहावे.

कार्टर परत आला तेव्हा दख्खनवर संकट येत होते. १८७६ चा पाऊस गेला, आणि सोलापूर, सातारा, पुणे, नगरपासून खाली कर्नाटकापर्यंत दुष्काळ पडला. माणसे गाव सोडून निघाली, त्यांतली कित्येक मुंबईला पोचली. १८७७ साली मुंबईत एका तापाची साथ उठली. उपाशी, दाटीवाटीने राहणाऱ्या या लोकांतच ती जास्त होती. पाच-सात दिवस सणसणीत ताप, मग एकदम घाम फुटून ताप उतरणार, रोगी उठून बसणार, घरी जायचे म्हणणार; आणि आठवड्याने ताप परत. म्हणून इंग्रजीत त्याला ‘रिलॅप्सिंग फीव्हर’ म्हणत, आणि ‘फॅमिन फीव्हर’ही.

बर्लिनमध्ये ओबरमायर या डॉक्टरने १८७३ साली अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळलेले, वळवळणारे जंतू पाहिल्याचे छापले होते; त्याच वर्षी तो कॉलऱ्याने गेला. कार्टरने मुंबईच्या रोग्यांचे रक्त काढून पाहिले, आणि ते जंतू तिथे होते. त्याच्या कामाची खरी कसोटी पुढे लागली. तो एकदा पाहून थांबला नाही. त्याच रोग्याचे रक्त तो पुनःपुन्हा पाहत राहिला, आणि जंतू दिसणे-न दिसणे तापाच्या तक्त्याशी ताडून पाहत राहिला. ताप चढतो तेव्हा रक्त जंतूंनी भरलेले. ताप उतरतो तेव्हा ते नाहीसे. मधल्या बऱ्या दिवसांत भिंगाखाली काही नाही, आणि ताप उलटण्याच्या सुमाराला ते पुन्हा हजर. जंतू आणि ताप यांचा इतका चोख मेळ त्या काळी फार थोड्या रोगांत दाखवता आला होता.

पुढची पायरी म्हणजे हा ताप जंतूंबरोबर दुसऱ्याला देता येतो का, हे पाहणे. कार्टरने रोग्यांचे रक्त माकडांना टोचले. माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू दिसले. जर्मनीत कोक याच सुमारास, स्वतंत्रपणे, हाच प्रयोग करत होता. कार्टरचा निबंध १८८० साली लंडनच्या ‘मेडिको-चिरर्जिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये आला, आणि १८८२ साली ‘स्पायरिलम फीव्हर’ हा जाडजूड ग्रंथ. त्यात रोग्यांच्या हकीकती आहेत, तापाचे आलेख आहेत, शवविच्छेदनाचे निष्कर्ष आहेत, आणि पश्चिम हिंदुस्थानात दुष्काळ माणसाचे काय करतो याचे, लेखकाचा तसा हेतू नसताना उतरलेले, भीषण चित्र आहे. आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यांनी हा ग्रंथ अजून पुरेसा वापरलेला नाही असे माझे मत आहे.

एक गोष्ट कार्टरला सापडली नाही : जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? तिचे उत्तर पुढे इथेच, नाशिक जिल्ह्यात मिळाले. १९०७ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मॅकीने तिथल्या एका मिशनच्या वसतीतली साथ पाहिली. मुलगे जास्त आजारी पडत होते, मुली कमी. शोधता शोधता ध्यानात आले की मुलग्यांच्या कपड्यांत उवा पुष्कळ होत्या, मुलींच्या कमी. अंगावरच्या उवा हा ताप वाहून नेतात हे मॅकीच्या निबंधाने पुढे आणले. कार्टरने दाटी, उपासमार आणि घाण यांच्याकडे बोट दाखवले होते. ऊ त्याच दाटीत बसलेली होती.

‘रिलॅप्सिंग फीव्हर’वरच्या कामासाठी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्ट्युअर्ट पारितोषिक कार्टरला मिळाले. पन्नाशी उलटलेल्या, प्राचार्यपदाच्या कामात बुडालेल्या माणसाने यानंतर ग्रंथ लिहायचे थांबवले असते तरी चालले असते. पण १८८७-८८ मध्ये त्याने दोन निबंध छापले, आणि माझ्या मते या यादीतला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे.

पहिला चार पानांचा. कलकत्त्याच्या लुईसने, मायसेटोमावर ज्याने आक्षेप घेतले होते त्यानेच, काही वर्षांपूर्वी उंदरांच्या रक्तात शेपटीवाले सूक्ष्म जीव पाहिले होते. कार्टरने उंदराचे रक्त तपासले, आणि त्याला त्यात एक अगदी आखूड, वळणे घेतलेला जंतू दिसला. त्याने छोटी टिपणी लिहिली, वर्णन केले, नाव दिले आणि पुढच्या कामाला लागला. १९१५-१६ साली जपानी संशोधकांनी दाखवले की उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाचे, तिकडच्या ‘सोदोकू’चे, कारण याच प्रकारचा जंतू आहे. आजच्या पुस्तकांत ‘स्पायरिलम मायनस’ असे नाव वाचायला मिळते, त्याची मुळे या चार पानांत आहेत. कोणता रोग होतो हे कार्टरला माहीत नव्हते आणि माहीत असल्याचा आवही त्याने आणला नाही.

दुसरा निबंध हिवतापाचा. अल्जीरियातल्या कॉन्स्तांतीनला लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने ६ नोव्हेंबर १८८० रोजी हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात जिवंत, हलणारे परोपजीवी पाहिले होते. युरोपातल्या बऱ्याच मोठ्या नावांनी ते मानले नाही. कार्टरने मुंबईत रोग्यांचे रक्त तपासले आणि लाव्हराँचे जीव इथल्याही रक्तात आहेत असे लिहून, चित्रांसह, हिंदुस्थानात पहिल्यांदा त्याला दुजोरा दिला. निबंध कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘सायंटिफिक मेमॉयर्स बाय मेडिकल ऑफिसर्स ऑफ द आर्मी ऑफ इंडिया’ या सरकारी मालिकेत आला.

आणि कोणी वाचला? १८८१ पासून याच हिंदुस्थानात याच वैद्यकीय खात्यात रोनाल्ड रॉस नोकरी करत होता. हिवतापाचा ध्यास घेतलेल्या रॉसला लाव्हराँचे परोपजीवी सापडत नव्हते, इतके की १८९३ साली तो असे काही नसतेच असे लिहीत होता. १८९४ साली रजेवर लंडनला गेला तेव्हा पॅट्रिक मॅन्सनने त्याला ते भिंगाखाली दाखवले. तिथून पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात रॉसला जे दिसले त्याने नोबेल मिळवले. सहा-सात वर्षांपूर्वी मुंबईत छापण्याजोगे पाहिलेले जे होते, ते पाहायला खात्यातल्याच माणसाला विलायतेला जावे लागले. दोष रॉसचा म्हणा, मालिकेच्या वितरणाचा म्हणा, की मुंबई-कलकत्ता-मद्रास यांनी एकमेकांकडे न पाहता काम करण्याच्या सवयीचा म्हणा. कार्टर मात्र तोवर, १८८८ साली, डेप्युटी सर्जन-जनरल म्हणून निवृत्त होऊन इंग्लंडला परत गेला होता. ४ मे १८९७ रोजी स्कारबरोला क्षयाने तो वारला. ज्या कॉलेजात त्याने आयुष्य घालवले तिथे त्या वर्षी प्लेगवरची हाफकिनची लस तयार होत होती.

कार्टरच्या लेखनाबद्दल दोन तक्रारी नोंदवल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. पहिली, तो फार लांबण लावतो. अहवाल लिहिताना तो वाचकाला दमवतो, आणि मुद्द्यावर येईपर्यंत तीन वेळा वळणे घेतो. दुसरी तक्रार गंभीर आहे. या सगळ्या कामामागे ग्रँट मेडिकलचे विद्यार्थी होते, इथले हॉस्पिटल असिस्टंट होते, रक्ताचे थेंब घेणारे, प्रेते उचलणारे, माकडांना सांभाळणारे लोक होते. आज एवढ्या कामाला दहा-बारा सहलेखक लागतील. कार्टरच्या यादीत लेखक एकच आहे. ज्याचे नाव ग्रेने बारीक टायपात टाकले, त्याच्या पुस्तकांत मदतनिसांना बारीक टायपातही जागा क्वचित मिळते. रोगी तर जात, वय, धंदा आणि गाव एवढेच उरतात. साताऱ्याकडचा एखादा कुणबी, त्याचा एक पाय, आणि त्या पायाची नळ्या-पोकळ्यांसकट इतकी सुरेख आकृती, की पाहणारा पायाच्या मालकाला विसरतो.

वाचायला सुरुवात करणाऱ्याने १८७४ चा मायसेटोमावरचा ग्रंथ आधी घ्यावा, आणि मजकूर सोडून चित्रे आधी पाहावीत. कार्टर चित्रांतच आधी विचार करत असे. मग १८८२ चा ‘स्पायरिलम फीव्हर’, त्यातही तापाचे आलेख. महारोगाचे अहवाल सलग वाचू नयेत, हवे तिथे उघडावेत. हे ग्रंथ आता स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात, आणि कार्टरच्या डायऱ्या लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. मुंबई सोसायटीच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’चे जुने खंड ज्यांच्या ग्रंथालयात असतील, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि जमल्यास दोन्ही कार्टरांचे निबंध वेगवेगळे लावून एक सूची करावी. हेन्री जॉनचे हेन्री व्हँडाइकला आणि हेन्री व्हँडाइकचे ग्रेला देण्याची चूक तेवढ्याने थांबेल.